बँकेतील पैसा आणि हातातील फोन

पूर्वी बँकेत जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडत असे. आता उसाचे बिल, दुधाचे पैसे, किसान सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ता सारे थेट खात्यात जमा होते आणि खतवाल्याचे पैसे फोनवरून बसल्या जागी देता येतात. ही सोय चांगली आहे. ती सोडून द्या असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. परंतु पूर्वी चोराला कौले काढून घरात उतरावे लागे. आता तो गोड बोलून आपल्याच हाताने दार उघडून घेतो. बँकेची तिजोरी फोडणे त्याला जमत नाही, म्हणून तो आपल्याला फोन करतो.

सर्वप्रथम पिनविषयी. यू.पी.आय. ही पद्धत २०१६ साली सुरू झाली, तेव्हापासून एक नियम बदललेला नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, फार तर शिल्लक पाहण्यासाठी. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. काजूचा किंवा म्हशीचा सौदा फोनवर ठरतो, गिऱ्हाईक म्हणते, "आगाऊ रक्कम पाठवतो, हा ठिपक्यांचा चौकोन स्कॅन करा आणि पिन घाला." पिन घातला की पैसे येण्याऐवजी जातात. पुष्कळ शहाणी माणसे येथेच फसली आहेत, कारण येणाऱ्या पैशांच्या आनंदात आपण काय दाबतो आहोत हे कुणी पाहत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या पाहण्यात आहे. पिन विसरू नये म्हणून तो चिठ्ठीवर लिहून फोनच्या कव्हरात ठेवतात. पेटीला कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवण्यासारखे झाले हे!

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. व्हॉट्सअॅपवर किसान योजनेच्या नावाची किंवा लग्नपत्रिकेसारखी दिसणारी एक फाईल येते. ती उघडली की फोनमध्ये एक अॅप बसते आणि आपण परवानगी देत गेलो की ते आपले संदेश वाचू लागते. बँकेकडून आलेला ओ.टी.पी. आपल्या आधी चोराला कळतो. "मी कुणालाही ओ.टी.पी. सांगितला नाही, तरी पैसे गेले कसे?" असे विचारणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते. म्हणून ओळखीच्या माणसाकडून आली तरी अशी फाईल उघडू नये. त्याचाही फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. योजनेची चौकशी कृषी खात्याच्या कचेरीत करावी, आणि बँकेचा नंबर पासबुकावर पाहावा, गूगलवर शोधू नये. तेथे चोरांनीही आपले नंबर लावून ठेवलेले असतात.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. आधार जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात. अंगठ्याचा ठसा आधारच्या अॅपमधून बंद करून ठेवता येतो. घरातील शिकलेल्या मुलाकडून तेवढे करून घ्यावे. रेशन घेण्याच्या दिवशी मात्र तो उघडावा लागतो, हे विसरू नये, नाहीतर दुकानातून हात हलवत परत यावे लागेल. सेवा केंद्रात अंगठा लावल्यावर पावती मागून घ्यावी. "यंत्राने ठसा घेतला नाही, पुन्हा लावा" असे म्हटले तर आधी खात्यातली शिल्लक विचारावी.

आता जे लिहिणे जड जाते ते लिहितो. पोलीस किंवा सी.बी.आय.चे अधिकारी असल्याची बतावणी करून काहीजण व्हिडिओवर फोन करतात, तुमच्या नावावर गुन्हा आहे म्हणतात आणि माणसाला "डिजिटल अटक" झाली असे सांगून तासन्‌तास फोनपुढे बसवून ठेवतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. तपास करणारी कोणतीही सरकारी शाखा फोनवर पैसे मागत नाही. आपल्याच खानापूर तालुक्यात मार्च २०२५ मध्ये अशा छळापायी एका वृद्ध दांपत्याने आपला जीव गमावला. पैसा तर गेलाच होता. पण भीतीने आणि लाजेने त्यांना एकटे पाडले. असा फोन आला तर तो खाली ठेवावा आणि तडक शेजारी जावे, किंवा आमच्याकडे यावे. रात्र असली तरी दार ठोठवा.

लाजेपायी पैसेही परत मिळत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आमच्याकडे आले. उसाच्या बिलातले पैसे जाऊन पंधरा दिवस झाले होते. मुलगा रागावेल म्हणून त्यांनी घरात सांगितले नव्हते. तोवर ते पैसे कितीतरी खात्यांतून फिरून नाहीसे झाले होते. चोर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतो. तो वाटेत असतानाच अडवला तर अडतो. त्यासाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे. पैसे गेल्याचे कळताच, पहिल्या तासातच, तेथे फोन करावा आणि लगोलग बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही अशा चोरीची खबर बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत दिली, तर तो तोटा खातेदारावर पडत नाही. आपणच पिन सांगून बसलो असलो, तर कळवण्यापूर्वी गेलेले पैसे आपले गेले, पण कळवल्यानंतर गेलेले बँकेने भरायचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात फायदा आहेच.

१९३० ला फोन करताना खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि बँकेच्या संदेशातील व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवावा. संदेश पुसून टाकू नयेत. तक्रारीचा क्रमांक विचारून लिहून घ्यावा आणि बँकेत लेखी अर्ज देऊन त्याच्या नकलेवर शिक्का मागावा. घरातील वडीलधाऱ्यांसाठी १९३० हा आकडा आणि पासबुकावरील बँकेचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत आजच लिहून ठेवावा.