परमुलखात बोलका सोबती : टॅबलेट घेताना काय पाहावे?

मोर्शीहून सालबर्डीच्या महादेवाला जाताना आपण मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरतो, पण भाषेची अडचण कुणाला जाणवत नाही. वऱ्हाडी माणसाला हिंदी येतेच. खरी पंचाईत होते ती दक्षिणेकडे निघाल्यावर. नागपूरला गाडीत बसलो आणि बल्लारशा मागे पडले की कानावर तेलुगू येऊ लागते, पुढे तामिळ. तिरुपतीचा यात्रेकरू चार खुणा करून वेळ निभावून नेतो. परंतु वेल्लोरला उपचारासाठी निघालेले कुटुंब किंवा संत्र्याच्या ट्रकमागोमाग चेन्नईच्या बाजारात पोहोचलेला बागायतदार यांचे खुणांवर भागत नाही. एकाचा जीव टांगणीला लागलेला असतो, दुसऱ्याचा वर्षभराचा पैसा.

अशा वेळी भाषांतर करणारे सॉफ्टवेअर कामी येते. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी २०१३ साली आली. २०१७ मध्ये मराठी, तामिळ, तेलुगू, कन्नड अशा आपल्या भाषांसाठी नवी पद्धत लागू झाली. तेव्हापासून शब्दाला शब्द न जोडता सबंध वाक्याचा अर्थ धरून भाषांतर होऊ लागले. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रमही जुलै २०२२ पासून सुरू आहे. ही ॲप्स फुकट मिळतात. प्रश्न उरतो तो ती कशावर चालवायची याचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हातात तीन-चार वर्षांतला चांगला मोबाइल असेल, तर टॅबलेटवर पैसे घालण्यापूर्वी त्याच्यावरच प्रयोग करून पाहा. टॅबलेटचा फायदा मोठ्या पडद्याचा. अक्षरे ठळक दिसतात, म्हाताऱ्या माणसांना चष्मा शोधावा लागत नाही आणि समोरच्याला लांबूनही वाचता येते. घरात वडीलधारी माणसे असतील आणि प्रवास वारंवार होणार असेल, तर टॅबलेट जरूर घ्यावा.

दुकानदार पडद्याच्या इंचांपासून सुरुवात करतो. आपण भाषेपासून करावी. ज्या गावाला जायचे तिथली भाषा आणि मराठी, दोन्ही ॲपमध्ये आहेत का? इंटरनेट नसताना चालण्यासाठी त्या उतरवून ठेवता येतात का? गाडी जंगलातून जाते तेव्हा किंवा रुग्णालयाच्या तळघरात रेंज नसते आणि नेमकी तेव्हाच गरज पडते. मराठी आणि समोरची भाषा घरीच उतरवून घ्या. शक्य तर इंग्रजीही घ्या. मग टॅबलेट विमान मोडवर टाकून तपासा. पुष्कळदा लिहिलेल्या वाक्याचे भाषांतर इंटरनेटशिवाय होते, पण बोललेले वाक्य यंत्राला ओळखता येत नाही. हे मोर्शीत कळले तर बरे. काटपाडी स्टेशनात कळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट सिमकार्डाची. बरेच स्वस्त टॅबलेट फक्त वायफायवर चालतात. मोबाइलचे इंटरनेट त्यांना जोडून देता येते, पण मग दोन्ही यंत्रांची बॅटरी सांभाळावी लागते. म्हणून सिम घालता येणारा टॅबलेट प्रवासाला सोयीचा.

तिसरी गोष्ट माइक, स्पीकर आणि कॅमेऱ्याची. दुकानात शांत कोपऱ्यात नव्हे, रस्त्याच्या कडेला उभे राहून एक वाक्य बोलून पाहा. पाटी किंवा औषधाची चिठ्ठी वाचायला कॅमेऱ्याला जवळचे अक्षर आपोआप स्पष्ट करता आले पाहिजे. स्वस्त टॅबलेटमध्ये नेमकी हीच सोय गाळलेली असते. दुकानातच एखाद्या गोळ्यांच्या पाकिटावरचे बारीक अक्षर टिपून पाहा. बाकी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या कामाला पुरते. आठ इंची टॅबलेट पिशवीत सहज मावतो आणि एका हातात धरता येतो. दहा इंची वाचायला बरा, पण गर्दीत अवघड. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवा, बाहेर टाकायच्या बॅगेत नको.

आता यंत्राशी बोलावे कसे? बहुतेक वेळा मराठीचे थेट तामिळ होत नाही, मध्ये इंग्रजी असते. तेव्हा वाक्य दोन उंबरठे ओलांडून जाते. त्यात वऱ्हाडी ढंग हरवतो. ‘माह्यं पोट दुखून रायलं’ हे आपल्याला कळते, यंत्राला कळेलच असे नाही. ‘माझे पोट दुखते. काल रात्रीपासून दुखते.’ असे तुटक, छापील मराठीत बोलावे. ‘अंगात कणकण आहे’ म्हणण्यापेक्षा ‘थोडा ताप आहे’ म्हणावे. बागायतदाराने ‘मृग बहार’ म्हटले, तर व्यापाऱ्याच्या पडद्यावर हरिण उमटू शकते. त्याऐवजी ‘पावसाळ्यात फुललेली, उन्हाळ्याच्या तोंडी तोडलेली संत्री’ असे सांगितले की घोटाळा टळतो.

ताळा करण्याची एक सोपी युक्ती आहे. आलेले भाषांतर उलटे फिरवून पुन्हा मराठीत वाचावे. अर्थ तोच परत आला तर पुढे जावे. बदलला तर वाक्य मोडून नव्याने बोलावे. नेहमीची दहा-पंधरा वाक्ये घरीच तयार करून, तपासून, जपून ठेवावीत : खोलीचे भाडे किती, जवळचे औषधाचे दुकान कुठे, ही गोळी जेवणाआधी की नंतर.

आणि एक मर्यादा लक्षात असू द्या. भाव, वजन, तारीख आणि गोळ्यांची संख्या यांत ऐकण्यावर विसंबू नये. आकडा पडद्यावर किंवा कागदावर लिहून दाखवावा. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना, आजाराचे निदान ऐकताना यंत्र बाजूला ठेवून रुग्णालयात दुभाष्याची मागणी करावी. हिंदी जाणणारी परिचारिका किंवा कर्मचारी मोठ्या रुग्णालयात बहुधा सापडतो. चालू औषधांची नावे, ॲलर्जी, रक्तगट आणि घरचा फोन क्रमांक इंग्रजीत लिहिलेला कागद खिशात असावाच. बॅटरी संपली तरी तो कागद बोलतो.

टॅबलेट रस्ता विचारून देईल, जेवण मागून देईल, रिक्षाचे भाडेही ठरवून देईल. निघण्याच्या आठ दिवस आधी तो घरच्यांच्या हाती द्या आणि ज्याला प्रवासात तो वापरायचा आहे त्यालाच बोलू द्या. सगळी सोय मुलाला ठाऊक आणि दवाखान्यात एकटी आई, असे होऊ नये.