जुनी जॉयस्टिक आणि खारा वारा

रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावर जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण फिरवले की खरखर ऐकू येते. माळ्यावर पडलेल्या संगणकाच्या जॉयस्टिकचे दुखणेही पुष्कळदा हेच असते. खेळातले विमान आपोआप एका बाजूला कलंडू लागते आणि जॉयस्टिक भंगारात जाते. ती देण्यापूर्वी तिच्या आत काय घडते ते आपण पाहू या.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीला जोडायच्या जॉयस्टिकमध्ये दांड्याला दोन बदलते रोध जोडलेले असतात. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. रेडिओच्या बटणामागे असतो तसाच हा भाग. कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ सरकते व रोध शून्यापासून सुमारे १०० किलो-ओहमपर्यंत बदलतो. गंमत अशी, की संगणक हा रोध थेट मोजत नाही, तो वेळ मोजतो. त्याच्या कार्डावर ०.०१ मायक्रोफॅरडचे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असते. ते या रोधातून भरत जाते. पुरवठ्याच्या दोन-तृतीयांश व्होल्टेजपर्यंत भरायला दांडा डावीकडे असता सुमारे २४ मायक्रोसेकंद लागतात, उजवीकडे असता सुमारे ११२४. तोवर प्रोसेसर ‘भरले का, भरले का’ असे विचारीत आकडे मोजत राहतो.

गोम इथेच आहे. पहिल्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. त्याच्यासाठी लिहिलेला खेळ वेगवान यंत्रावर घातला, तर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त आकडे मोजले जातात आणि खेळाचा हिशेब चुकतो. अशा वेळी डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो संथ यंत्राची नक्कल करतो. आजच्या संगणकांना १५ पिनांची ती खाचही नसते, म्हणून यूएसबी अडॅप्टर घ्यावे लागते. वेळ मोजण्याचे काम मग तेच करते.

दोष खेळाचा की जॉयस्टिकचा, हे मल्टिमीटर सांगतो. जॉयस्टिक संगणकापासून सोडवून पिन १ व ३ यांमधला रोध पाहावा आणि दांडा हळूहळू डावी-उजवीकडे न्यावा. आकडा सलग बदलला, तर जॉयस्टिक ठीक आहे. तो उड्या मारू लागला, तर पट्टी व जीभ यांमधला संपर्क बिघडला आहे. खाऱ्या वाऱ्यातले मीठ ओल धरून ठेवते आणि धातू गंजतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. संपर्क साफ करण्याचा फवारा मारून दांडा चाळीस-पन्नास वेळा फिरवला, की बहुधा काम भागते. झिजलेली पट्टी मात्र बदलावीच लागते.

पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८० च्या दशकात विकलेल्या स्पेक्ट्रमची गोष्ट वेगळी. त्याच्या जॉयस्टिकमध्ये रोध नव्हे, नुसती बटणे असत. केम्पस्टन जोडणीत उजवीकडे म्हणजे १, डावीकडे २, खाली ४, वर ८ आणि गोळीबार १६. दांडा वर-उजवीकडे असेल तर ९. द्विमान संख्या शिकवायला याहून सोपे साधन आम्हाला तरी ठाऊक नाही.

पीसीच्या जॉयस्टिकचा प्रयोग वर्गात करता येईल. तिच्या पिन १ व ३ मधून, तीन सेलच्या ४.५ व्होल्टवर, ४७० मायक्रोफॅरडचे धारित्र भरू द्यावे. त्याच्यावर ३ व्होल्ट यायला दांडा उजव्या टोकाला असता सुमारे ५२ सेकंद लागतील, मधोमध असता सुमारे २६. पुढचे वाचन घेण्यापूर्वी धारित्राची दोन टोके तारेने क्षणभर जोडून ते रिकामे करावे.