वर स्लॅब, खाली संसार: राहत्या घरावर मजला चढवताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. विषय आहे, घर रिकामं न करता त्यावर मजला चढवणं. म्हणजे वर सेंट्रिंग ठोकतायत आणि खाली आई पोळ्या लाटतेय, असा प्रकार.

आम्ही गेल्या हिवाळ्यात पिंपळगाव बसवंतला हेच केलं. खाली हॉल, किचन आणि आजीची खोली होती, वर दोन खोल्या वाढवायच्या होत्या. धूळ, आवाज, अंगणात वाळूचा ढीग, आंघोळीला बसलात की नेमका नळ बंद, हे सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. त्याची सवय होते. मला आज बोलायचंय ते अशा एका गोष्टीबद्दल जी दिसत नाही, आणि तिच्याबद्दल घरात कुणी विचारतही नाही. नवा स्लॅब टाकल्यावर त्याचं वजन नक्की कोण उचलून धरतं, आणि किती दिवस?

मी बीटेक केलं ते कॉम्प्युटरमध्ये. त्यामुळे खालचे आकडे मी आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून समजून घेतले आणि मग स्वतः मांडून पाहिले.

आधीचा प्रश्न: जुनं घर तयार आहे का?

कॉलमच्या सळ्या गच्चीवर सोडलेल्या दिसल्या की लोक म्हणतात, "वरच्या मजल्याची सोय आहे की!" सळ्या म्हणजे पुरावा नाही. पाया आणि कॉलम किती मजल्यांसाठी काढलेत ते जुन्या नकाशात असतं. नकाशा नसेल तर इंजिनिअर पाया उकरून बघतात, कॉलम तपासतात. घर नुसत्या विटांच्या भिंतींवर उभं असेल, म्हणजे लोडबेअरिंग असेल, तर ही तपासणी दुप्पट गरजेची. आणि वाढीव मजल्यालाही बांधकाम परवानगी लागते, बरं का. "घर आपलंच आहे" हे उत्तर तिथे चालत नाही.

ओला स्लॅब किती जड असतो?

आरसीसीचं वजन एका घनमीटरला साधारण अडीच टन. पाच इंची स्लॅब धरला तर एका चौरस फुटाला साधारण ३० किलो झाले. १० बाय १२ ची एक खोली घ्या. साडेतीन टन! आपल्या मार्केटच्या भाषेत सांगायचं तर ५० किलोच्या ७० गोण्या कांदा, एका खोलीवर.

आता गंमत बघा. काँक्रीट ओलं असताना स्वतःचं वजन पेलत नाही. ते सगळं वजन येतं सेंट्रिंगच्या प्लेटांवर, तिथून जॅकवर, आणि ते जॅक उभे असतात तुमच्या जुन्या स्लॅबवर. त्याच्या खाली तुमचा पलंग.

राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसं, सामान वगैरेंसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे साधारण २०० किलो. वापरातल्या गच्चीसाठी दीड किलोन्यूटन, म्हणजे १५० किलो. आणि ओला पाच इंची स्लॅब भरतो चौरस मीटरला ३०० किलोच्या वर. सेंट्रिंगचं लोखंड आणि वर चालणारी माणसं वेगळीच.

मग घरं पडत का नाहीत? कारण डिझाइनमध्ये सुरक्षेची जागा ठेवलेली असते. पण ती जागा असते गंजलेल्या सळीसाठी, कमी पडलेल्या सिमेंटसाठी. वीस वर्षं जुन्या घरात ती किती उरलीय हे बाहेरून दिसत नाही.

म्हणून उपाय साधा आहे: जुन्या स्लॅबलाही खालून टेकू द्यायचे, शक्यतो वरच्या जॅकच्या बरोबर खाली. आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर जॅक, आजीच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना जॅक. आजी म्हणाली, "द्राक्षाच्या मांडवाखाली झोपल्यासारखं वाटतंय." स्लॅब टाकायच्या दिवशी आणि त्या रात्री मात्र आम्ही सगळे काकांकडे गेलो. ज्या खोलीच्या वर काँक्रीट पडतंय त्या खोलीत कुणीही थांबायचं नाही.

विटांचंही तेच. एक वीट साधारण तीन किलोची. गच्चीच्या मधोमध ५०० विटा रचल्या की दीड टन एका जागी बसला. विटा बीमच्या रेषेत, भिंतीलगत, पसरून ठेवायला सांगा.

सात दिवस, पण कुठले सात?

आता मुख्य मुद्दा. सेंट्रिंगवाले म्हणाले, "सातव्या दिवशी खोलू." त्यांचंही बरोबर होतं, प्लेटा अडकून पडल्या की पुढचं काम अडतं. पप्पांनाही घाई होती. पुढे द्राक्षाची काढणी, त्यात ताईचं लग्न.

हे सात दिवस येतात आयएस ४५६ मधून. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवसांनी. बीम सहा मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्याहून लांब असेल तर २१. म्हणजे खोली लहान असली तरी बीमखालचे टेकू सातव्या दिवशी काढायचेच नाहीत.

आणि या आकड्यांना दोन अटी आहेत. एक, सिमेंट साधं ओपीसी हवं. आपल्याकडे घरकामाला सर्रास येतं ते पीपीसी. त्यात फ्लाय अॅश असते आणि ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. पोत्यावर वाचा, लिहिलेलं असतं. दोन, तापमान १५ अंशांच्या खाली जायला नको. आता निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत काय होतं ते मी सांगायला नको. पारा एक आकडी होतो, राज्यातल्या बातम्यांत आपलं नाव येतं. मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. थंडीत द्राक्षाची फुगवण थांबते हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. काँक्रीटचंही तसंच आहे, तेही थंडीत सावकाश पिकतं.

किती सावकाश? त्याचा एक ढोबळ हिशोब आहे, त्याला मॅच्युरिटी म्हणतात. दिवसाच्या सरासरी तापमानात १० मिळवायचे आणि दिवसांनी गुणायचं. आपल्याकडे काँक्रीटचे ठोकळे प्रयोगशाळेत २७ अंशांच्या आसपास ठेवून तपासतात. तर २७ अधिक १० म्हणजे ३७, गुणिले ७ दिवस, झाले २५९. आमच्याकडे रात्री ७ आणि दुपारी २७ धरले तर सरासरी १७. त्यात १० मिळवले की २७. आता २५९ भागिले २७ करा. साडेनऊ दिवस! आणि बीमचे १४ दिवस होतात १९. हे पीपीसीचा सावकाशपणा न धरता. हा फक्त अंदाज आहे हं, याच्यावर जॅक काढायचे नाहीत. पण कॅलेंडरवरचे सात दिवस आणि काँक्रीटचे सात दिवस वेगळे असतात, हे यातून कळतं.

आमच्या इंजिनिअरांनी सांगितलं, २१ दिवस कशालाही हात लावू नका, खालचे टेकूही नाही. घरात दोन दिवस यावरून वाद झाला. मी कागदावर हिशोब मांडला, तरी पप्पा म्हणाले, "सगळं गाव सातव्या दिवशी खोलतं." शेवटी काका बोलले: "बागेला थंडी लागते म्हणून आपण रात्र-रात्र जागतो. इथे खाली आई झोपणार आहे." मग सेंट्रिंगवाल्यांना जादा दिवसांचे पैसे ठरवून दिले. त्यांनीही ऐकलं.

यात उगाच घाबरवण्याचा हेतू नाही. पण ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शिळफाट्याला एक इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. ती बेकायदा होती, काही महिन्यांत उभी केलेली. खालच्या मजल्यांवर माणसं राहत होती आणि वर मजले चढतच होते. आपलं दोन खोल्यांचं घर म्हणजे ती इमारत नव्हे. पण खाली माणसं आणि वर घाई, ही जोडी छोट्या घरातही तितकीच वाईट.

थांबलेल्या दिवसांत काय करायचं?

पाणी. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवायचं. पीपीसीला किमान १० दिवस, जमलं तर १४. लोक म्हणतात, "काम बंद पडलंय." उलट याच दिवसांत स्लॅब तयार होत असतो, फक्त मजूर दिसत नाहीत.

तुमच्याकडे काम निघणार असेल तर स्लॅबच्या आधी चार प्रश्न विचारा:

१. जुन्या स्लॅबला खालून टेकू कुठे-कुठे देणार?
२. सिमेंट ओपीसी की पीपीसी?
३. स्लॅबचे आणि बीमचे टेकू कितव्या दिवशी, आणि ते कोण ठरवणार?
४. जादा दिवसांचं भाडं किती? हे आधीच लिहून घ्या, म्हणजे घाईचं कारणच उरत नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. टेकू लवकर निघतात ते बहुतेक वेळा भाड्यामुळे, आणि ते भाडं एका खोलीच्या फरशीपेक्षा कितीतरी कमी असतं.

तुमच्या घरी काम चालू असेल तर स्लॅब कुठल्या महिन्यात टाकला आणि कितव्या दिवशी खोलला, ते व्हॉइस मेसेज करून कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि स्लॅबला पाणी मारा!