पामतेलाचा डबा आणि साखरेचे पोते



गट कार्यालयात लागणीची नोंद द्यायला येणारे सभासद हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, "साहेब, औंदा निर्यात होणार काय?" प्रश्न रास्त आहे. साखर बाहेर गेली की गोदाम मोकळे होते, बँकेच्या मालतारण कर्जावरचे व्याज वाचते आणि ऊसबिल वेळेवर निघते. पण निर्यात नुसत्या साखरेच्या भावावर ठरत नाही. दोन सरकारे एकमेकांना काय देतात, काय घेतात, यावरही ती ठरते. इंडोनेशिया आणि मलेशिया या देशांशी आपला जो व्यवहार झाला, त्यावरून हे चांगले कळते. म्हणून त्याची थोडी फोड करून सांगतो.

इंडोनेशियातले जावा बेट एके काळी साखरेच्या निर्यातीत क्यूबाच्या खालोखाल होते. जुन्या सभासदांना को ४१९ ही जात आठवत असेल. तिच्या पालकांपैकी पीओजे २८७८ ही जात जावाचीच. आज मात्र तोच देश जगातल्या मोठ्या साखर आयातदारांपैकी एक आहे. आपली गत तेलाच्या बाबतीत तशीच. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. त्यात पामतेल सर्वांत जास्त, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून येते. म्हणजे त्यांना साखर पाहिजे आणि आपल्याला तेल. सौदा सहज जुळायला हवा होता, पण वाटेत दोन धोंडे होते.

पहिला धोंडा जकातीचा. थायलंड हा इंडोनेशियाचा आसियान या संघटनेतला भाऊबंद. त्याच्या साखरेवर ५ टक्के जकात आणि आपल्या साखरेवर त्याहून जास्त. दुसरा धोंडा रंगाचा. साखरेचा रंग इकुम्सा या मापाने मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी साखर काळपट. कच्च्या साखरेचा आकडा किमान १२०० असावा, अशी इंडोनेशियाची अट होती. आपली कच्ची साखर त्याहून उजळ, म्हणून चालत नव्हती! चांगला माल नको, हे ऐकून नवल वाटेल. पण त्यामागे हिशेब आहे. साखर काळपट असली म्हणजे ती थेट बाजारात जात नाही, त्यांच्या शुद्धीकरण कारखान्यांतूनच जावी लागते. कारखान्यांना काम मिळते आणि तिथल्या ऊसवाल्याचा भाव पडत नाही. त्यांनाही त्यांचा शेतकरी सांभाळायचा असतोच.

आता देवाणघेवाण पाहा. २०१९ साली आपल्याकडे मलेशियाच्या शुद्ध पामतेलावर ४५ टक्के जकात होती, तर इंडोनेशियाच्या तेलावर ५० टक्के. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने मलेशियाच्या तेलावर ५ टक्के जादा बसवून दोघांना एका पातळीवर आणले. इंडोनेशियाला हेच पाहिजे होते. त्या देशाने आपल्या कच्च्या साखरेवरची जकात ५ टक्क्यांवर आणली आणि २०२० मध्ये रंगाची अट १२०० वरून ६०० केली. त्याच सुमारास थायलंडात दुष्काळ पडला. तिथले उत्पादन सुमारे १४५ लाख टनांवरून २०१९-२० मध्ये ८३ लाख टनांवर आले. दार उघडले आणि शेजारचा दुकानदारही रिकामा, असा योग आला. भारताची निर्यात २०१९-२० मध्ये सुमारे ५९ लाख टन, पुढच्या वर्षी ७० लाख टन आणि २०२१-२२ मध्ये ११० लाख टनांच्या घरात गेली. इंडोनेशिया आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला.

मलेशियाची कथा निराळी. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथले पंतप्रधान महाथीर मोहम्मद काश्मीरबद्दल संयुक्त राष्ट्रसंघात बोलले आणि ते भारताला झोंबले. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. आदेशात कुठल्या देशाचे नाव नव्हते, पण फटका मुख्यतः मलेशियाला बसला. त्याच महिन्यात तिथल्या सर्वांत मोठ्या साखर शुद्धीकरण कंपनीने भारतातून १ लाख ३० हजार टन कच्ची साखर घेण्याचे ठरवले. कंपनीने कारण सांगितले नाही, पण बाजाराला जे समजायचे ते समजले. भांडण काश्मीरवरून, फटका तेलाला आणि समजूत साखरेने!

पण जे दार सरकारी हुकमाने उघडते, ते हुकमानेच बंद होते. आपल्या देशात तेल महागले म्हणून इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात थांबवली. ती बंदी २३ मे रोजी उठली आणि दुसऱ्याच दिवशी भारताने साखर निर्यातीवर १०० लाख टनांची मर्यादा जाहीर केली. तेव्हा घरात तेलाचा डबा महाग झाल्याची तक्रार आपण केली, तशीच साखरेची तक्रार तिकडच्या लोकांनी केली असेल. २०२२-२३ मध्ये कोटा सुमारे ६० लाख टनांवर आला. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०२३-२४ मध्ये निर्यात बंदच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये फक्त १० लाख टनांना परवानगी मिळाली.

यात ऊसवाल्याची अडचण काय, ते नीट ध्यानात घ्या. हुकूम एका दिवसात निघतो, पण ऊस एका दिवसात येत नाही. ज्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्वहंगामी लागण केली, त्याची लागण निर्यात मोकळी असताना झाली. तो ऊस तुटला तेव्हा कोटा होता आणि त्याचाच खोडवा तुटला तेव्हा निर्यात बंद होती. म्हणून निर्यातीच्या बातमीवर क्षेत्र वाढवू नये. बेणे मळ्याचे शुद्ध बेणे, माती परीक्षण, खोडव्यात न जाळता ठेवलेले पाचट यांच्या जोरावर त्याच रानात एकरी टन वाढवावेत. दार उघडो वा न उघडो, तो फायदा आपलाच राहतो.

दुसरी गोष्ट नोंदीची. देशात साखर किती होणार, या अंदाजावर सरकार निर्यात ठरवते. महाराष्ट्रात २०२१-२२ मध्ये सुमारे १३७ लाख टन साखर झाली. पुढच्या वर्षीही तेवढीच होईल असा अंदाज होता, पण झाली १०५ लाख टन. अंदाज असा फसला की सरकार सावध होते आणि आधी निर्यातीचा हात आखडते. उपग्रहावरून क्षेत्र मोजतात हे खरे, पण कुठल्या गटात कोणती जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख कोणती, हे आपणच सांगू शकतो. तेव्हा सभासदांनी लागणीची आणि खोडव्याची नोंद वेळेत व बिनचूक द्यावी, वाढवून नाही आणि लपवूनही नाही. परदेशाशी बोलणी दिल्लीला होतात. त्या बोलण्यांत मांडायचा आकडा मात्र आपल्या बांधावरून जातो.

— ऊस विकास अधिकारी