गॉगल घ्यायला जाताना कॅल्क्युलेटर सोबत न्या!

पाण्यावरची चकाकी कापणारा ‘पोलराइज्ड’ गॉगल खरा आहे की नुसताच काळा, हे दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतं. गळ घेऊन धरणावर जाणाऱ्या प्रत्येकानं ते शिकून घ्यायला हवं.

मासे पकडायचे तर गळ, दोरी, आमिष आणि ढीगभर धीर, एवढं पुरे असं आपण धरून चालतो. पण मोताळ्याचं नळगंगा घ्या, देऊळगाव राजाकडचं खडकपूर्णा घ्या, नाहीतर पेनटाकळी. ऊन जरा वर आल्यावर काठावर उभं राहून बघा. पाणी दिसतच नाही. दिसतो तो नुसता चमचमणारा पत्रा. त्याच्याखाली रोहू आहे, चिलापी आहे की नुसतं शेवाळ, काही कळत नाही. तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात, कपाळावर आठ्या पडतात आणि घरी येईपर्यंत डोकं धरतं.

म्हणून मग गॉगल घ्यायचा ठरतो. बाजारात जावं तर प्रत्येक गॉगलवर ‘पोलराइज्ड’चं स्टिकर! रस्त्यावरच्या शे-दोनशेच्या गॉगलवरही आणि शोरूममधल्या काही हजारांच्या गॉगलवरही. आता खरं कोणाचं मानायचं?

खामगावात चांदी घेताना कुणी नुसत्या चमकेवर जातं का? पारखून घेतो ना आपण? गॉगलचंही तसंच आहे. फक्त पारख कशाची करायची, ते माहीत पाहिजे.

ही चकाकी येते कुठून?

बारावी सायन्सला ‘पोलरायझेशन’चा धडा असतो. मार्कांपुरता वाचून सोडून दिलेला तो धडा इथं कामाला येतो. सूर्याचा प्रकाश सगळ्या दिशांनी कंप पावत येतो. पण पाण्यासारख्या सपाट पृष्ठभागावर आपटून परत फिरला, की त्यातली बरीचशी कंपनं आडवी होतात. १८०८ साली पॅरिसमध्ये मॅलस नावाच्या शास्त्रज्ञानं स्फटिकातून समोरच्या राजवाड्याच्या खिडक्यांवरची चकाकी बघितली. स्फटिक फिरवला तशी ती कमी-जास्त झाली. तिथून हे कोडं सुटायला लागलं. पुढे १८१५ मध्ये ब्रूस्टरनं त्या कोनाचा नियम मांडला आणि विसाव्या शतकात एडविन लँड या अमेरिकन माणसानं हीच करामत करणारा स्वस्त, पातळ पत्रा तयार केला. तोच पुढे गॉगलमध्ये आला.

आता खिडकीचे उभे गज डोळ्यांसमोर आणा. त्यातून उभी काठी सहज आरपार जाते, आडवी धरली की अडकते. पोलराइज्ड काच म्हणजे असे उभे गज. पाण्यावरून आलेली आडवी चकाकी अडकते, पाण्याच्या आतून येणारा प्रकाश बऱ्यापैकी आत येतो. म्हणून चकाकीच्या मागचं दिसायला लागतं.

यातला एक आकडा लक्षात ठेवा. पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करून बघितलं, की हा परिणाम सर्वात जास्त असतो. तुमचे डोळे पाण्यापासून दीड-पावणेदोन मीटर उंचीवर असतील, तर ती जागा तुमच्यापासून साधारण दोन मीटरवर येते. काठ मीटरभर उंच असेल, तर साडेतीन मीटरच्या आसपास. म्हणजे लांबवर डोळे ताणण्यापेक्षा काठाजवळचं पाणी आधी बघा. हवा घ्यायला वर येणारा मरळ, उथळ पाण्यात चिलापीनं केलेले खळगे, बुडालेल्या बाभळीच्या फांद्या तिथंच दिसतील. चकाकी उरलीच, तर मान किंचित तिरकी करून बघा. फरक पडतो.

काळा म्हणजे सुरक्षित नव्हे

इथंच बहुतेकांची गल्लत होते. पोलरायझेशन चकाकी कापतं. डोळ्याला इजा करणारे अतिनील किरण अडवणं हे वेगळं काम आहे. काचेचा काळेपणा ही तिसरीच गोष्ट. एका गॉगलमध्ये तिन्ही असतील, दोन असतील, नाहीतर नुसता काळेपणाच असेल!

आणि नुसता काळेपणा हा सगळ्यात वाईट सौदा. काळ्या काचेआड अंधार झाला, की डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल, तर ते आत जायला दार आणखी उघडं. वर्षानुवर्षं असं ऊन डोळ्यांत गेलं, की मोतीबिंदूचा आणि डोळ्यात मांस वाढण्याचा धोका वाढतो. पाण्यावर तर ऊन वरूनही येतं आणि खालूनही.

म्हणून ‘यूव्ही ४००’ असं लिहिलेलं बघा. म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. पण ते स्टिकर छापायला कितीसा खर्च येतो? बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं. ‘काका, जरा मशीनवर लावून दाखवा ना’ म्हणायला लाजू नका. दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर पुढच्या दुकानात जा.

दुकानातली परीक्षा

आता कॅल्क्युलेटर काढा. सॅकमध्ये असतो तोच, सायंटिफिक. तो सुरू करून पडद्यावर आकडे आणा. गॉगलची एक काच पडद्यासमोर धरा आणि गॉगल हळूहळू फिरवा. काच खरी पोलराइज्ड असेल, तर एका कोनात पडदा काळाठिक्कर पडेल आणि आकडे गायब होतील. फिरवत राहिलात की परत दिसतील. काहीच बदललं नाही, तर गॉगल नुसताच रंगीत आहे.

मोबाइलवरही हे करता येतं, पण काही मोबाइलचे पडदे असे असतात की ते काळे पडत नाहीत, नुसता रंग बदलतो. तिथं फसगत होते. कॅल्क्युलेटर किंवा लॅपटॉप बरा.

दुसरी काचही तशीच तपासा. दोन्ही काचा एकाच कोनात काळ्या पडल्या पाहिजेत. एक आधी आणि दुसरी नंतर पडत असेल, तर काच वाकडी बसवलीय. असा गॉगल दिवसभर घातला की डोकं दुखलंच म्हणून समजा.

काही दुकानदार एक कार्ड दाखवतात. साध्या डोळ्यांना कोरं, गॉगलमधून बघितलं की त्यावर चित्र दिसतं. ती परीक्षा खोटी नाही, पण ती फक्त पोलरायझेशनची आहे. अतिनील किरणांबद्दल ते कार्ड काहीच सांगत नाही.

रंग कोणता, फ्रेम कशी?

राखाडी काचेतून रंग जसेच्या तसे दिसतात. भर उन्हात, मोठ्या उघड्या पाण्यावर ती चांगली. तपकिरी किंवा तांबूस काचेतून वस्तू आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक ठळक होतो. काठाजवळच्या उथळ, किंचित गढूळ पाण्यासाठी ही उत्तम. पिवळी काच पहाटे, संध्याकाळी आणि ढगाळ हवेत. एकच घ्यायचा बजेट असेल, तर डोळे झाकून तपकिरी घ्या. वरचा निळा-हिरवा आरसा दिसायला भारी, पण त्यावाचून काही अडत नाही.

काचेवर ‘कॅटेगरी ३’ असेल तर ती ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते. आपल्याकडच्या उन्हाला एवढं पुरे. ‘कॅटेगरी ४’ त्याहून काळी असते आणि ती घालून गाडी चालवायची नसते. धरणावरून बाइकवर परत यायचंय ना?

काच पॉलिकार्बोनेटची असली तर हलकी असते, सहसा फुटत नाही आणि उडून आलेला गळही झेलते. फ्रेम कडेनं वळलेली हवी, नाहीतर बाजूनं ऊन घुसतंच. मागे दोरी बांधा. पाण्यात पडलेला गॉगल कुणाला सापडलाय? नंबरचा चष्मा असेल, तर त्यावर अडकवायची पोलराइज्ड क्लिप मिळते, तीही कॅल्क्युलेटरवर तपासूनच घ्या. धूळ बसली की आधी पाण्यानं धुवा, शर्टाच्या टोकानं घासू नका. आणि घाटाखालच्या मे महिन्यात गाडीच्या टाकीवर तापत ठेवू नका, काचेतले थर सुटतात.

तळ दिसला म्हणून उतरू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. या गॉगलनं तळ दिसतो, खोली कळत नाही. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सरळ वरून बघितलं तरी चार फूट पाणी तीन फुटांचं वाटतं. तिरकं बघितलं तर आणखी उथळ. चकाकी गेली की पाणी नितळ, ओळखीचं वाटायला लागतं आणि पाय आपोआप पुढे पडतो. मासाही दिसतो त्याहून खोल असतो, तो निसटला तर फार तर हळहळ. पण आपला अंदाज चुकला तर? दोस्त काठावर हाका मारत असले तरी, ज्या पाण्याची खोली काठीनं मोजलेली नाही, त्यात उतरायचं नाही.

पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तर हा गॉगल जवळजवळ निरुपयोगी. गाळ म्हणजे काही चकाकी नव्हे, तो काचेनं कापला जात नाही. पाऊस संपून गाळ खाली बसला, की याचे खरे दिवस येतात. आणि लोणारला मात्र गळ नेऊ नका. तिथलं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, शिवाय ते अभयारण्य आहे. इतर धरणांवरही मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी विचारा, मग गळ टाका.

एक गॉगल घरी

आपल्यासाठी मासेमारी ही रविवारची मजा. पण भोई समाजातली कितीतरी घरं याच पाण्यावर चालतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्याचे बाबा पहाटे जाळं घेऊन निघतात आणि ऊन चढेपर्यंत त्या चमचमत्या पत्र्याकडे बघत असतात. कदाचित तुमचेच बाबा किंवा काका. त्यांच्या डोळ्यांवर गॉगल असतो का? बहुतेकदा नसतो. ‘आम्हाला कशाला हिरोगिरी’ म्हणून ते हसून टाळतात.

त्यांना लेक्चर देऊ नका. पॉकेटमनी साठवून एक साधा, तपकिरी, यूव्ही मशीनवर तपासलेला गॉगल घ्या, दोरी बांधा आणि उद्या सकाळी नावेत बसताना त्यांच्या हातात ठेवा. म्हणा, ‘एकदा पाण्याकडे बघा तर खरं.’ चकाकीच्या मागचं पाणी दिसलं, की पुढचं तुम्हाला सांगावं लागणार नाही.