मोटारगाडीची हाताळणी व प्रवाससुख

चालकाने स्टिअरिंग, ब्रेक व ॲक्सिलरेटर यांद्वारे दिलेल्या आज्ञांना मोटारगाडी कसा प्रतिसाद देते, या गुणास तिची हाताळणी म्हणतात. रस्त्यावरील खड्डे, उंचवटे व खडबडीतपणा यांचा त्रास प्रवाशांपर्यंत कितपत पोहोचतो, यावरून गाडीचे प्रवाससुख ठरते. हे दोन्ही गुण मुख्यतः टायर, निलंबन यंत्रणा (रोजच्या बोलण्यातील सस्पेन्शन), वजनाची विभागणी आणि सांगाड्याचा ताठपणा यांवर अवलंबून असतात. एका गुणासाठी केलेली रचना पुष्कळदा दुसऱ्याच्या आड येते. तरीही दोहोंचा पाया एकच आहे, तो म्हणजे चारही टायरांनी रस्त्याशी असलेला संपर्क न सोडणे.

संज्ञांतील भेद

हाताळणी आणि पकड हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत भेद आहे. घसरण्यापूर्वी गाडी जास्तीत जास्त किती वेगाने वळण घेऊ शकते, हा पकडीचा प्रश्न होय. त्या मर्यादेपर्यंत जाताना गाडी चालकाला अपेक्षित असेल तशी वागते की नाही, हा हाताळणीचा प्रश्न होय. पकड भरपूर असूनही मर्यादेशी येताच अचानक फिरणारी गाडी धोकादायक असते. उलट पकड बेताची असली, तरी आगाऊ सूचना देत हळूहळू घसरणारी गाडी सामान्य चालकास अधिक सुरक्षित वाटते व असतेही.

टायर व रस्ता यांचा संपर्क

गाडी व रस्ता यांच्यात देवाणघेवाण होते ती केवळ टायरांच्या चार लहान ठशांतून. सुमारे १,००० किलो वजनाच्या गाडीत प्रत्येक चाकावर साधारण २५० किलो भार येतो. टायरमधील हवेचा दाब ३३ पीएसआय असेल, तर हा भार पेलण्यास सुमारे १०५ चौरस सेंटिमीटर क्षेत्र लागते. हा ठसा जवळपास माणसाच्या तळहाताएवढा असतो. वेग वाढवणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारे बल या ठशांतूनच मिळते.

वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, त्याच दिशेने तो नेमका जात नाही. रबर लवचिक असल्याने ठसा किंचित पिळवटतो आणि चाकाची दिशा व प्रत्यक्ष गतीची दिशा यांत लहानसा कोन पडतो. त्यास सरककोन म्हणता येईल. हा कोन वाढतो तसे बाजूचे बल वाढत जाते. परंतु एका मर्यादेनंतर ते वाढणे थांबते आणि टायर घसरू लागतो.

निलंबन यंत्रणेचे घटक

* स्प्रिंग : ही गाडीचा भार पेलते आणि चाकाला वरखाली होऊ देते. तिचे पाटे, गुंडाळीची स्प्रिंग, पीळ घेणारी सळई (टॉर्शन बार) व हवेची स्प्रिंग असे प्रकार आहेत.
* शॉकॲब्सॉर्बर : नावावरून हा धक्का शोषून घेतो असे वाटते; प्रत्यक्षात धक्का स्प्रिंग झेलते. त्यानंतर सुरू होणारे हेलकावे शमवणे हे शॉकॲब्सॉर्बरचे काम असते. त्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हेलकाव्यांची ऊर्जा उष्णतेत बदलते.
* जोडदांडे : चाक कोणत्या मार्गाने वरखाली व्हावे आणि रस्त्याशी त्याचा कोन किती राहावा, हे जोडदांड्यांच्या रचनेवरून ठरते.
* अँटी-रोल बार : डावे व उजवे चाक जोडणारी ही सळई वळणावर गाडीचे कलणे कमी करते.

चाक, टायर, ब्रेक यांसारख्या स्प्रिंगच्या खाली असणाऱ्या भागांचे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याच्या चढउताराचा चटकन माग घेते. दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध जड आस असेल, तर एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही जाणवतो. प्रत्येक चाकाला स्वतंत्र निलंबन दिल्यास हा दोष टळतो.

प्रवाससुखाचे गणित

स्प्रिंगवर बसवलेल्या गाडीची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. बहुतेक प्रवासी गाड्यांत ती सेकंदाला १ ते १.५ आवर्तने (हर्ट्झ) एवढी ठेवतात. माणसाचे चालणे सेकंदाला साधारण २ पावलांचे असल्याने या गतीचे हेलकावे शरीराला सवयीचे वाटतात. उभ्या दिशेतील ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना मानवी शरीर सर्वाधिक संवेदनशील असते. म्हणून कडक स्प्रिंगांची गाडी थकवा आणते. उलट ०.५ हर्ट्झहून मंद हेलकाव्यांनी मळमळ होते, ज्याला आपण गाडी लागणे म्हणतो. त्यामुळे स्प्रिंग जितकी मऊ तितके सुख अधिक, हा समज खरा नाही.

मऊपणाला जागेचीही मर्यादा आहे. १ हर्ट्झ वारंवारतेसाठी स्प्रिंग गाडीच्या भाराने सुमारे २५ सेंटिमीटर दबावी लागते. २ हर्ट्झसाठी सुमारे ६ सेंटिमीटर पुरतात. लहान गाडीत चार जण व सामान चढले की एकूण वजन पुष्कळ वाढते. फार मऊ स्प्रिंग अशा वेळी तळाला टेकते.

पुढचे चाक उंचवट्यावर आधी चढते व मागचे नंतर. दोन आसांमधील अंतर २.५ मीटर व वेग ताशी ५० किमी असेल, तर हा फरक सुमारे ०.१८ सेकंदाचा असतो. पुढची बाजू व मागची बाजू अशी पाठोपाठ उचलली गेल्याने गाडी डोलते. मागच्या स्प्रिंगांची वारंवारता पुढच्यांपेक्षा किंचित अधिक ठेवली, तर मागचा हेलकावा पुढच्याला गाठतो आणि डोलणे लवकर शमते. डोलण्याचा त्रास मध्यभागी सर्वांत कमी व टोकांना अधिक होतो. एसटीच्या शेवटच्या बाकावरील प्रवासी उडतो आणि मधल्या बाकावरील निवांत बसतो, त्याचे कारण हेच होय.

वळणावरील वर्तन

वळण घेण्यास लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० किमी वेगाने जाताना बाजूचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.३९ पट असते. ताशी ७० किमी वेगाला ते ०.७७ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणांक साधारण ०.७ ते ०.९ असतो आणि ओल्या रस्त्यावर तो बराच घटतो. म्हणजे ताशी २० किमीच्या फरकाने गाडी सुरक्षित स्थितीतून मर्यादेच्या उंबरठ्यावर येते.

वळताना आतील चाकांवरचा भार बाहेरील चाकांवर सरकतो. १,००० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच व डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.४ मीटर असेल, तर वरील ५० किमी वेगाच्या उदाहरणात सुमारे १५० किलो भार सरकतो. हे प्रमाण मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची व चाकांतील अंतर यांवर ठरते. मऊ स्प्रिंगांमुळे गाडी अधिक कलते. पण केवळ कलण्यामुळे भार फारसा सरकत नाही. टपावर सामान लादल्यास मात्र गुरुत्वमध्य वर जातो आणि भार अधिक सरकतो.

टायरवरचा भार दुप्पट झाला, तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे भार सरकला की चाकांच्या जोडीची एकूण पकड घटते. पुढच्या जोडीची पकड आधी संपली, तर गाडी स्टिअरिंग वळवूनही सरळ जाऊ पाहते. त्यास अंडरस्टिअर म्हणतात. मागची जोडी आधी घसरली, तर गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो. तो ओव्हरस्टिअर होय. पहिल्या स्थितीत वेग कमी करणे हा सामान्य चालकाला सहज सुचणारा उपाय बहुधा उपयोगी पडतो. दुसऱ्या स्थितीत तोच उपाय घातक ठरू शकतो. म्हणून प्रवासी गाड्या जाणूनबुजून थोड्या अंडरस्टिअरकडे झुकत्या बनवतात. पुढच्या बाजूला अधिक ताठ अँटी-रोल बार देणे हा त्याचा एक मार्ग आहे.

सुख व पकड यांतील तडजोड

मऊ स्प्रिंग धक्का झेलते. पण ब्रेक लावताच गाडी पुढे झुकते आणि वळणावर कलते. ताठ स्प्रिंगेने गाडी चटकन प्रतिसाद देते. परंतु खडबडीत रस्त्यावर तीच चाके उसळून जमिनीचा संपर्क सोडतात. हवेतील चाकाला पकड नसते. त्यामुळे कडक गाडी म्हणजे रस्ता धरणारी गाडी हे समीकरण केवळ गुळगुळीत रस्त्यापुरते खरे आहे.

ऐतिहासिक आढावा

घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगेचे पेटंट ओबादाया एलियट यांनी इंग्लंडमध्ये १८०४ साली घेतले. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. १९२२ साली सादर झालेल्या इटलीतील लान्चिया लाम्ब्दा या गाडीत पुढच्या चाकांना स्वतंत्र निलंबन होते. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली या अभियंत्याने अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये प्रवाससुखाचा पद्धतशीर अभ्यास केला. मागच्या स्प्रिंगांविषयीचा वर सांगितलेला नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो.

१९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएन २सीव्ही ही गाडी आली. शेतकऱ्याला अंड्यांची टोपली नांगरलेल्या शेतातून न फुटता नेता यावी, अशी तिच्या रचनाकारांपुढील अट होती. त्याच कंपनीच्या १९५५ मधील डीएस गाडीत पोलादी स्प्रिंगांऐवजी दाबाखालील वायू व तेल यांचा उपयोग केलेला होता. अर्ल मॅकफर्सन यांनी स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबात बसवणारी रचना तयार केली. स्वस्त व आटोपशीर असल्याने आजच्या बहुसंख्य लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच असते.

अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेर (१९६०–६९) या गाडीचे इंजिन मागे होते आणि सुरुवातीच्या नमुन्यांतील मागील निलंबनामुळे तीव्र वळणावर चाकाचा कोन एकदम बदलू शकत असे. पुढच्या टायरांत मागच्यांपेक्षा बरीच कमी हवा ठेवण्याची सूचना होती. ती पाळली न गेल्यास ओव्हरस्टिअरचा धोका वाढे. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात तिच्यावर कठोर टीका केली. १९७२ मधील सरकारी अहवालाने मात्र ती समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. या वादातून गाडीची हाताळणी हा सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय बनला.

१९९७ साली स्वीडनमधील एका नियतकालिकाच्या चाचणीत समोरील अडथळा चुकवताना मर्सिडीज-बेंझ ए-क्लास ही गाडी उलटली. त्यानंतर कंपनीने निलंबनात बदल केले आणि त्या गाडीत स्थैर्यनियंत्रण प्रणाली सर्वांना दिली. ही प्रणाली गाडी फिरू लागताच एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. पकडीची भौतिक मर्यादा ती वाढवू शकत नाही.

भारतातील स्थिती

अ‍ॅम्बॅसडर या गाडीत पुढे टॉर्शन बार व मागे पाटे होते. मुंबईची टॅक्सी म्हणून परिचित असलेल्या प्रीमियर पद्मिनीत पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा व मागे पाटे होते. पाट्यांची रचना साधी, मजबूत व दुरुस्तीस सोपी असल्याने भार व खराब रस्ते यांना ती मानवत असे.

भारतीय रस्त्यांवर प्रवाससुखाची खरी कसोटी गतिरोधकांवर लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा, ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा आणि तो ताशी २५ किमी वेगाने ओलांडता यावा. त्या वेगाने चाक त्यावर अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक काळ असते. स्प्रिंगेला दबण्यास व उलगडण्यास तेवढा वेळ पुरतो. तेवढाच उंच पण अर्धाच मीटर रुंद उंचवटा त्याच वेगाने ०.०७ सेकंदात संपतो. मग धक्का स्प्रिंगेत न मुरता गाडीला व प्रवाशांच्या पाठीच्या कण्याला बसतो. उंची तीच असूनही त्रासात एवढा फरक पडतो, तो आकारामुळे.

घाटात उतरताना गाडीचा भार पुढच्या चाकांकडे झुकलेला असतो. भर वळणात जोराने ब्रेक लावल्यास मागची चाके आणखी हलकी होऊन घसरू शकतात. म्हणून वेग वळणापूर्वीच कमी करावा लागतो.

देखभाल व सुरक्षितता

शॉकॲब्सॉर्बर एकाएकी नव्हे, तर हळूहळू निकामी होतात. त्यामुळे चालक बदललेल्या वर्तनाला नकळत सरावतो. पुष्कळदा गाडी पूर्वीपेक्षा मऊ झाल्यासारखीही वाटते. प्रत्यक्षात चाके उसळत असतात आणि थांबण्यास अधिक अंतर लागते. नळीवर तेल झिरपलेले दिसणे, उंचवट्यानंतर गाडी बराच वेळ डोलत राहणे आणि टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज होणे ही त्याची लक्षणे होत.

टायरमधील हवा वाहन उत्पादकाने दिलेल्या दाबाइतकी व टायर थंड असताना तपासावी लागते. हवा कमी असेल तर धक्के सौम्य लागतात. परंतु टायर तापतो, प्रतिसाद मंदावतो आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो. मोटारीच्या टायरच्या खाचांत झीज दाखवणाऱ्या खुणा असतात. खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की त्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात. अशा टायरला पावसात ठशाखालचे पाणी बाहेर टाकता येत नाही, तो पाण्याच्या थरावर चढतो आणि त्या क्षणापुरते स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात.