वाघळांचा आवाज आणि यंत्राची जबानी

वाघूळ मुके असते, ही आपल्याकडील समजूत वाघळापेक्षा आपल्या कानांविषयीच अधिक सांगते. मनुष्याची श्रवणशक्ती सुमारे २० किलोहर्ट्झपाशी कुंठित होते, आणि कीटकभक्षी वाघळांचा बहुतेक उच्चार त्याच्या वर चालतो. प्रत्यक्षात कित्येक जातींचा आवाज त्यांच्या तोंडापाशी मोजल्यास शंभर डेसिबलांहून अधिक भरतो. हार्वर्डमधील विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन याने प्राध्यापक पिअर्स यांच्या, कानापलीकडचा ध्वनी टिपणाऱ्या यंत्रापुढे वाघळे नेली, तेव्हा १९३८ साली या कोलाहलाचा पहिला पुरावा दप्तरी दाखल झाला. मात्र वडापिंपळावर दिवसा उलटी लटकणारी मोठी फलाहारी वटवाघळे या पंक्तीतली नव्हेत. ती दृष्टी आणि घ्राण यांवर विसंबतात, व त्यांचे भांडण ऐकण्यास यंत्राची मुळीच गरज नसते.

वाघळांची हाक मनुष्याला ऐकवणाऱ्या यंत्रातून, म्हणजे डिटेक्टरमधून, ऐकू येणारी टकटक हा वाघळाचा मूळ स्वर, हाही भ्रमच. हेटेरोडाइन पद्धतीचे यंत्र स्वतःची कंप्रता त्या ध्वनीत मिसळून उरणारा फरक तेवढा ऐकवते. दुसऱ्या पद्धतीत ध्वनिमुद्रण दहापट संथ केले, की ५० किलोहर्ट्झचा ध्वनी ५ किलोहर्ट्झवर उतरतो. साध्या रेकॉर्डरचा येथे निभाव लागत नाही, कारण सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारे यंत्र २४ किलोहर्ट्झपलीकडचे काही टिपूच शकत नाही.

परंतु सर्वांत हट्टी गैरसमज म्हणजे हाकेवरून वाघळाची जात हमखास ओळखता येते, हा. पक्ष्याचे गाणे स्वजातीला आपली ओळख पटवण्यासाठी असते; वाघळाची हाक मात्र मुख्यतः मार्ग आणि भक्ष्य शोधण्याचे हत्यार असल्यामुळे प्रसंगानुसार पालटते. तेच वाघूळ मोकळ्या आकाशात लांब व जवळजवळ सपाट हाक देते, झाडीत शिरताच ती आखूड व तीव्र उताराची होते, आणि कीटकावर झडप घालताना सेकंदाला दोनशेपर्यंत उच्चारांची गुणगुण उठते. ब्रिटनमधील पिपिस्ट्रेल ही एकच जात मानली जात असता, ४५ आणि ५५ किलोहर्ट्झ या दोन स्वरांच्या आधारे १९९०च्या दशकात तिच्या दोन जाती निघाल्या, हे या विद्येचे यश खरे. तरीही ५० किलोहर्ट्झच्या आसपासची हाक दोहोंपैकी कोणाची, याचा निवाडा केवळ कंप्रतेवरून होत नाही, आणि मायोटिस या प्रजातीतील निरनिराळ्या जातींच्या हाका तर इतक्या सारख्या, की जाणकारही पुष्कळदा प्रजातीच्या नावापाशीच थांबतात. म्हणून ध्वनिमुद्रणावरून संगणकाने सुचवलेले जातीचे नाव हा प्रथम नुसता अर्जच समजावा. शिक्कामोर्तब ध्वनिचित्र पाहून, स्थळकाळाचा मेळ घालून मनुष्यानेच करायचे असते.

यंत्राच्या नोंदींवरून वाघळांची खानेसुमारी करण्याचा मोहही आवरावा. दिव्याभोवती घिरट्या घालणारे एकच वाघूळ रात्रभरात शेकडो नोंदी सहज भरून ठेवते.